नीलव्वाच्या नळाची शीळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी मीटर आहे, पाणी मोजण्याचा. माझ्या काचेला तडा गेला आहे, झाकण सैल झाले आहे आणि सध्या माझा मुक्काम नविलकट्टीच्या नगरपालिकेत, अंगडी साहेबांच्या टेबलावर असतो. खिडकीतून वारा आला की ते माझ्याखाली कागद दाबून ठेवतात. येणाऱ्याजाणाऱ्याला कधी कधी सांगतात, "हा मीटर आयुष्यात एकदाही चुकला नाही." ते अगदी खरे आहे. पण हे वाक्य कानावर पडले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. तसे का होते, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तापलेले पितळ साच्यात ओतले, निवल्यावर घासूनपुसून मला गुळगुळीत केले आणि माझ्या पोटात एक छोटासा पंखा बसवला. पाणी आत शिरले की पंख्याला धक्का बसतो, पंखा फिरतो, त्याच्याबरोबर दातेरी चाके फिरतात आणि तोंडावरचा काटा पुढे सरकतो. सगळे म्हणतात की मीटर पाणी मोजतो. खरे सांगायचे तर मला पाणी ओळखताच येत नाही. मला फक्त धक्का कळतो. पंखा फिरला की काटा पुढे न्यायचा, एवढीच मला अक्कल दिलेली. पण जन्मल्यावर सगळ्यांनी इतके कौतुक केले, शिशाचे सील ठोकून मला इतका सन्मान दिला, की आपल्यात काही उणे असेल असे माझ्या मनातही आले नाही.

मी नविलकट्टीत आलो तो नमुना म्हणून. तोवर त्या गावात वर्षाला एकच ठरलेली पाणीपट्टी असे. बंगलेवाल्यालाही तेवढीच आणि झोपडीवाल्यालाही तेवढीच. मग गावात भुयारी गटार झाले, खर्च वाढला आणि नवे दर ठरवायची वेळ आली. नगरपालिकेच्या सभागृहात सगळे सभासद जमले. त्यांच्यासमोर गिरमिट, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, आणि मिरची भजी ठेवली होती आणि मधोमध लाल कापडावर मला ठेवले होते. विरूपाक्ष अंगडी हे पाणीखात्याचे तरुण इंजिनिअर. ते उभे राहिले आणि त्यांनी सगळे समजावून सांगितले. पंपाची वीज, तुरटी, माणसांचे पगार, दुरुस्ती, हे सगळे मिळून जो खर्च होतो तो पाणी वापरणाऱ्यांनी वाटून घ्यायचा. थोडे वापरणाऱ्याला हलका दर, उधळणाऱ्याला भारी दर. आणि घरात आलेले पाणी शेवटी गटारातच जाते, म्हणून पाण्याच्या बिलावर गटाराची पट्टी.

"पण हे डबडं नीट मोजेल कशावरून?" गुड्डद ओणीचे सभासद सोमण्णा शिरहट्टी भजी खात खात म्हणाले. गुड्डद ओणी म्हणजे टेकावरची गल्ली.

सभागृहात नळ नव्हता. अंगडींनी मला उचलले, पिपाणीसारखे तोंडाला लावले आणि जोरात फुंकले. माझा पंखा गरगर फिरला, काटा पळाला. "बघा," ते म्हणाले, "नुसत्या श्वासानं फिरतो. मग पाणी काय सुटणार याच्यातून?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी या हातातून त्या हातात फिरलो. मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

लगेच पुढचा विषय निघाला. अंगडींच्या खर्चात एक बाब होती, टेकाच्या नळीतला वारा बाहेर सोडण्यासाठी दोन व्हॉल्व्ह बसवण्याची. सोमण्णांनी कपाळाला हात लावला. "वारा सोडायला पैसे? अहो साहेब, वारा फुकट असतो." सभागृह खदखदून हसले. मीही मनातल्या मनात हसलो, कारण मला काय कळत होते? अंगडी थोडे घुटमळले. ते काहीतरी सांगणार होते. पण अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, दर जितका कमी तितके बरे असे सगळ्यांचेच म्हणणे पडले आणि अंगडींनी लाल पेनाने त्या बाबीवर काट मारली. दर उतरला. गावाने अंगडींना हार घातला. पेढे वाटले गेले आणि एका पेढ्याचा चुरा माझ्या काचेवरही सांडला.

मग मिरवत नेऊन मला गुड्डद ओणीच्या अगदी वरच्या टोकाच्या घरी बसवले. ते नीलव्वा हूगारचे घर.

हूगार म्हणजे देवाला फुले पुरवणारे. नीलव्वाच्या सासरी वीरभद्राच्या देवळातल्या माळेची पाळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. नवरा बसलिंगप्पा वारला, एकुलती मुलगी गदगला दिली, आणि नीलव्वा एकटी ती पाळी सांभाळत राहिली. पहाटे फुले निवडायची, पाटीवर ओले फडके टाकायचे, माळ ओवता ओवता मधूनमधून पाण्याचा हबका मारायचा. तिला पाणी लागायचे ते एवढेच, आणि स्वयंपाकाला दोन घागरी. ती बोलायची कमी. पण माळ देवळात पोचवून आली की तिचा चेहरा असा उजळलेला असे की बघणाऱ्यालाही बरे वाटावे.

आमच्या गावात पाणी आठवड्याने येई, आणि नेमके कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. वीज असेल तेव्हा पंप आणि पंप चालेल तेव्हा पाणी. यावर बसलिंगप्पाने जिवंतपणी एक युक्ती काढून ठेवली होती. एका फुटक्या पिपाणीचे तोंड त्याने आपल्या नळाला बसवले होते. खालून पाणी चढू लागले की नळीतला वारा पुढे ढकलला जाई आणि वरच्या टोकाच्या या उघड्या नळातून बाहेर पडताना पिपाणी वाजवी. ती शीळ ऐकली की सारी गल्ली घागरी-बादल्या घेऊन उठे. पाणी पोचले की पिपाणी धक्क्याने उडून दोरीला लोंबकळे. बसलिंगप्पा गेला तरी नीलव्वाने तो नळ कधी बंद केला नाही. बाकीच्या घरांनी मात्र आपापले नळ घट्ट बंद करून ठेवले, कारण नीलव्वाची शीळ होतीच. "नीलक्काचा नळ वाजला का?" हेच गल्लीचे घड्याळ होते.

आता तुमच्या ध्यानात आले असेल. साऱ्या गल्लीच्या नळीतला वारा एकट्या माझ्या पोटातून जात होता. आणि वाऱ्यावर मी पाण्यापेक्षा जोरात फिरतो. शीळ वाजू लागली की मी बेभान होऊन फिरायचो. आपण किती काम करतो आहोत, असे वाटून मला फार बरे वाटायचे. तिची बादली तोवर कोरडी ठणठणीत असते, हे मला कुठे दिसत होते? आणि दिसले असते तरी मी काय केले असते, कोण जाणे.

पहिले बिल आले तेव्हा नीलव्वाने ते शेजारच्या दावलबीकडून वाचून घेतले. दावलबी नदाफ ही टेम्पोवाल्याची बायको, जिभेला फार धार. आकडा वाचून ती म्हणाली, "अक्का, तू घरात हत्ती पाळलायस का गं?" दोघी पोट धरून हसल्या. नीलव्वाने पैसे भरून टाकले. नवा कायदा असेल, सगळ्यांना असेच आले असेल, असे तिला वाटले. तिने शेजारीपाजारी विचारले नाही आणि शेजाऱ्यांनी आपणहून सांगितले नाही. मीटर त्यांच्याकडेही बसले होते, पण त्यांची बिले फार हलकी होती. हलके बिल आले की माणूस कशाला बोलतो?

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी दहा-बारा दिवसांनी येऊ लागले. नळ्या पार कोरड्या पडायच्या आणि पाणी कमी, वारा जास्त अशी गत झाली. माझा काटा नुसता धावत होता. मग नगरपालिकेतून माणूस आला. एकट्या बाईच्या घरी एवढे पाणी जाते कुठे, असे त्याने विचारले. नीलव्वाने फुलांची पाटी दाखवली, दोन घागरी दाखवल्या. त्याने मान हलवली आणि तिला घरगुती दरातून काढून व्यापारी दरात टाकले.

समोरच्या कट्ट्यावर कळकप्पा बसला होता. सुपारीचा व्यापारी, देवळाच्या समितीतला माणूस. तो मनाने वाईट नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा स्वभाव. चहाचा घोट घेत तो हसून म्हणाला, "एकटी बाई आणि हत्तीएवढं पाणी. टँकरवाल्याला विकत असेल, दुसरं काय." दोघेतिघे हसले. बाजार उठेपर्यंत ते बोलणे बाजारभर झाले होते, आणि तोवर त्यातले हसू गळून पडले होते.

मित्रांनो, ज्या गावात उन्हाळ्यात घोटाघोटासाठी माणसे ताटकळतात, तिथे पाणी विकणारी म्हणणे ही शिवी नाही, त्याहून वाईट आहे. ते बोलणे देवळात पोचले. समितीने ठरवले की खरेखोटे होईपर्यंत नीलव्वाने माळ आणू नये. पाळी तिच्या चुलतदिराकडे दिली. निरोप आला तेव्हा त्या दिवशीची माळ ओवून तयार होती. नीलव्वा ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग उठून तिने ती नळाला घातली. "देवानं घेतली नाही, गंगे, तू तरी घे," एवढेच म्हणाली. शेवंतीच्या पाकळ्या माझ्या काचेला लागत होत्या. मला वाटले, ही माळ काढून कुणीतरी मला फोडून टाकावे.

तिने माझी तपासणी करायची मागणी केली. आशेची तेवढी एकच जागा तिला उरली होती. मीटर चुकीचा निघाला असता तर तिचे नाव धुऊन निघाले असते आणि पाळी परत आली असती. मला नळावरून उतरवले, नगरपालिकेच्या तपासणीच्या टेबलावर नेले आणि हौदातले पाणी माझ्यातून सोडले. त्या टेबलावर मी आयुष्यात पहिल्यांदा चुकायचा प्रयत्न केला. पंखा अडवायला पाहिला, काटा मागे ओढायला पाहिला. पण माझी घडण तशी नव्हती. हौदातून भरलेल्या नळीने सलग, बिनवाऱ्याचे पाणी आले आणि ते मी लिटरला लिटर मोजून दाखवले. तपासणाऱ्याने माझी पाठ थोपटली. "सोन्यासारखा मीटर आहे," तो म्हणाला.

नीलव्वा दारात उभी होती. अंगडी साहेब तिच्याशी अदबीने बोलले. तिच्याविषयी त्यांना खरोखरच वाईट वाटत होते. "अव्वा, तुमच्यावर माझा राग नाही. पण काय करू? मीटर खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते म्हणायचं का, साहेब?" नीलव्वाने विचारले.

तिने पदर खांद्यावर घेतला आणि ती टेकाच्या दिशेने चालू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणतात ना? इथे चोराची पाठ थोपटलीही गेली होती.

मी परत तिच्याच नळावर बसलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याने त्याने आपापली हत्यारे पुजायची. दुकानदार तराजू धुतात, सुतार रंधा मांडतो, दावलबीच्या नवऱ्याच्या टेम्पोलाही दरवर्षी नीलव्वाचीच माळ. नीलव्वा आपली कात्री, दाभण, फुलांची पाटी पुजायची, आणि मी आल्यापासून मलाही. यंदा ती विभूती घेऊन माझ्याकडे वळली तशी दावलबी उसळली.

"त्या मेल्याला कशाला लावतेस? डोक्यात हातोडा घाल त्याच्या. त्यानंच तुला देशोधडीला लावलंय."

"असू दे गं," नीलव्वा म्हणाली. "मुकं आहे ते. याच्या पोटात काय आहे, ते त्याला तरी कुठं सांगता येतंय?" आणि तिने ओल्या फडक्याने माझी काच पुसली, तीन बोटांनी विभूती ओढली, वर कुंकू लावले. मित्रांनो, त्यापेक्षा हातोडा परवडला असता.

व्यापारी दराचे बिल मात्र तिने भरले नाही. व्यापार केला नाही तर व्यापाराची पट्टी का भरू, असे तिचे सरळ म्हणणे होते. शेवटी नळ तोडायचा हुकूम निघाला. प्रकरण नाजूक, म्हणून अंगडी साहेब फिटरला घेऊन स्वतः आले. पाण्याचा दिवस नव्हता. पण आदल्या पाळीला वीज गेल्यामुळे पाणी मागे पडले होते आणि ते नेमके तेव्हाच सुटले. फिटरने पाना काढला, अंगडींनी शेवटचा आकडा बघायला माझे झाकण उघडले, आणि पिपाणी वाजू लागली.

गल्ली धावली. घागरींचा खणखणाट सुरू झाला. अंगडी वाकून माझ्या काट्याकडे बघत होते आणि काटा भिंगरीसारखा फिरत होता. त्यांनी नळाखालच्या बादलीत पाहिले. बादलीत थेंब नव्हता. त्यांनी झाकण बंद केले, पुन्हा उघडले. मग नळाच्या तोंडाशी तळहात धरला. त्यांच्या बोटांमधून वारा जात होता. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी अगदी जवळून पाहिले. सभागृहातल्या टाळ्या त्यांना ऐकू येत असाव्यात, कारण मला येत होत्या.

"तोडू का, साहेब?" फिटरने विचारले.

"नको. आज राहू दे."

नीलव्वा पुढे आली. "काय दिसलं, साहेब?"

अंगडींनी तिच्याकडे पाहिले नाही. "काही नाही, अव्वा," ते म्हणाले आणि भराभर टेकाखाली उतरून गेले.

ते 'काही नाही' मला फार लागले. त्यांना सगळे कळले होते. पण ते सांगायचे म्हणजे स्वतःच्या लाल पेनाचेही सांगावे लागणार होते. मी मुका होतो म्हणून गप्प होतो, आणि ते बोलता येत असून मूग गिळून बसले. आम्ही दोघे एकाच माळेचे मणी. इकडे देवळात चुलतदिराची माळ जात होती. नीलव्वा मात्र सवयीने पहाटे उठायची आणि रिकाम्या हातांनी पाटीशेजारी बसून राहायची.

दर तीन वर्षांनी दरांची फेरतपासणी करायची, असा नगरपालिकेचा ठराव होता. ती सभा तोंडावर आली. एके दिवशी अंगडी एकटेच आले, त्यांनी स्वतःच्या हातांनी मला नळावरून सोडवले आणि रुमालात गुंडाळून नेले. मला दाखवायला नेत आहेत की कायमचे लपवायला, हे मला कळेना. नीलव्वाने विचारले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "अव्वा, सभेला या. नक्की या."

सभागृह तेच होते, गिरमिट तेच होते. या वेळी मागच्या बाकांवर गावकरी होते. नीलव्वा, दावलबी, कळकप्पा, सारी गुड्डद ओणी. सोमण्णा शिरहट्टींनी सुरुवातीलाच सांगून टाकले, "निवडणूक आलीय साहेब. दर आहे तेवढाच ठेवा. गेल्या खेपेला कसं झटपट उरकलं होतं, तसंच उरका."

अंगडी उभे राहिले. रुमाल सोडून त्यांनी मला बाहेर काढले, तोंडाला लावले आणि फुंकले. पंखा फिरला. काटा पळाला. या वेळी टाळी कुणी वाजवली नाही, कारण साहेबांचे डोळे भरून आले होते.

"सांगा आता, किती लिटर पाणी झालं हे?" त्यांनी विचारले.

"पाणी कुठाय? नुसतं फुंकलंत की," सोमण्णा म्हणाले.

"नीलव्वांच्या नळातूनही हेच गेलं. वारा. मी त्याचं पाणी म्हणून बिल लावलं. त्याच्यावर गटाराची पट्टी लावली. वर त्यांना व्यापारी ठरवलं."

"गटारात काय वारा वाहत होता, साहेब?" मागून दावलबी म्हणाली. एकजण हसला आणि लगेच गप्प बसला.

सोमण्णांची चुळबुळ सुरू झाली. "पण साहेब, गेल्या खेपेलाही तुम्ही फुंकलं होतं. सगळ्यांनी बघितलं."

"हो, अण्णा. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी त्या घेतल्या. आणि वारा सोडायच्या व्हॉल्व्हवर काट मारली ती माझ्याच हातानं. तुम्हाला नसेल ठाऊक ते कशाला असतात. मला ठाऊक होतं."

बाजारपेठेतला एक दुकानदार उठला. त्याच्याकडे वारा येतच नाही, मग टेकाच्या व्हॉल्व्हचे पैसे त्याने का द्यावेत, असे त्याचे म्हणणे होते. गल्लीतलेही काहीजण माना डोलावू लागले. अंगडी त्यांच्याकडे वळले. "तुमच्याकडे येत नाही, कारण तो नीलव्वांकडे जातो. तीन वर्षं तुमचा दर कमी राहिला तो या एका बाईच्या जिवावर. आता तो भार सगळ्यांनी थोडा थोडा उचलायचा, एवढंच मी मागतोय."

बरीच वादावादी झाली. शेवटी सगळ्यांचा दर थोडासा चढला आणि व्हॉल्व्ह मंजूर झाले. हात वर करणाऱ्यांत सोमण्णा सगळ्यात शेवटी होते, पण त्यांनीही हात वर केला. अध्यक्षांनी नीलव्वाला सांगितले की तिने जादा भरलेले सगळे पैसे तिला परत मिळतील. नीलव्वा उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. तिने टेबलाची कड धरली. मी तिथेच होतो, तिची बोटे मला जवळजवळ लागत होती.

"पैसे द्याल तुम्ही, ते कळलं," ती म्हणाली. "पण मी पाणी विकते म्हणालात, ते कोण परत घेणार?"

कळकप्पा तिसऱ्या बाकावर होता. त्याने ओठ उघडले, पुन्हा मिटले आणि आपल्या चपलांकडे बघत राहिला. माझा काटा पुढेच जातो, त्याला मागे आणता येत नाही. माणसांच्या बोलण्याचेही तसेच असते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या सोमवारी समितीची माणसे नारळ घेऊन नीलव्वाच्या दारी गेली आणि पाळी तिला परत मिळाली. कळकप्पाही गेला होता म्हणे, पण तो उंबऱ्याच्या आत आला नाही, रस्त्यावरच उभा राहिला. टेकाच्या नळीवर व्हॉल्व्ह बसले. नीलव्वाच्या नळावर नवा मीटर आला आणि मी या टेबलावर आलो. "तू माझ्या डोळ्यांसमोरच राहा," असे अंगडी मला म्हणाले होते. त्यानंतरचे मी पाहिलेले नाही. दावलबी बिल भरायला येते तेव्हा समोरच्या खुर्चीवर बसून साहेबांना सांगते, ते ऐकले आहे.

व्हॉल्व्ह बसल्यावर पाणी आले त्या पहिल्या दिवशी मोठी गंमत झाली. वारा खालीच निघून गेला आणि नीलव्वाचा नळ वाजलाच नाही. सारी गल्ली झोपून राहिली. पाणी आले आणि गेले, अर्ध्या घरांच्या घागरी कोरड्या. लोक नीलव्वाच्या नळाकडे बघत राहिले. इतकी वर्षे आपल्याला कोण उठवत होते, हे तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात शिरले.

"आणि आता?" साहेबांनी विचारले.

"आता कळकप्पा उठतो," दावलबी म्हणाली. "पाण्याचा दिवस असला की पहाटेपासून नळाला कान लावून बसतो. सर्रर झालं की हातात काठी घेऊन निघतो, घरोघरच्या कड्या वाजवत. त्याचं घर खाली आहे, पण आधी चढ चढून वर जातो आणि पहिली कडी नीलक्काची वाजवतो. दम लागलेला असतो. 'अक्का, पाणी आलं,' म्हणतो. दर वेळी तेवढंच म्हणतो आणि उगाच उभा राहतो."

"आणि त्या काय म्हणतात?"

"ती म्हणते, 'आलं का? बरं झालं.' पण दार काही पुरतं उघडत नाही. बघू, कधीतरी उघडेल."

साहेबांनी मला उचलले, माझ्या काचेवरची धूळ बोटाने पुसली आणि पुन्हा कागदांवर ठेवले.

मित्रांनो, आयुधपूजेला नीलव्वा नगरपालिकेच्या माळा घेऊन येते आणि मला अजूनही विभूती लावते. तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते, पण मला मान नाही. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. माझ्यासारख्यांची निगा राखा, आम्हाला पुसा, तपासा, ते सगळे ठीकच. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कुणी या सभागृहात बसाल, लाल पेन तुमच्या हातात येईल. तेव्हा कुणाच्या दारच्या मीटरने काहीही सांगितले, तरी तो आकडा लिहून घेण्याआधी जरा वाका आणि नळाखालच्या बादलीत डोकावून बघा.